आगगाडीचा सांधा

वाचकहो, आपल्या एकलहऱ्याला आगगाडीचा शेजार जुना आहे. गावाजवळ औष्णिक वीज केंद्र आहे. तिथे १९७० सालापासून कोळसा जळतो आणि वीज तयार होते. हा कोळसा मालगाडीने येतो. एकेका गाडीला पन्नासाहून जास्त वाघिणी असतात. वाघीण म्हणजे मालाचा डबा, हे तुम्हांला ठाऊक आहेच. विदर्भाकडून येणारी कोळशाची गाडी मनमाड, लासलगाव, निफाड अशी स्टेशने मागे टाकीत येते. मग ती मुख्य मार्ग सोडते आणि केंद्राच्या स्वतंत्र रुळांवर शिरते. या रुळांना सायडिंग म्हणतात. त्याच मुख्य मार्गावरून माणसांनी भरलेल्या मेल आणि एक्सप्रेस गाड्या दिवसरात्र मुंबईकडे नि भुसावळकडे पळत असतात.

एक गाडी वळते, दुसरी सरळ जाते. मार्ग तोच. मग गाडीला वळवतो कोण?

पुष्कळांना वाटते, ड्रायव्हर वळवतो. तसे नाही. बैलगाडीला कासरा असतो, मोटारीला चाक असते. इंजिनात तसले काही नसते. ड्रायव्हर गाडी चालू करतो, वेग वाढवतो, कमी करतो, थांबवतो. डावीउजवीकडे वळविणे त्याच्या हाती नाही. रूळ नेतील तिकडे गाडी जाते. आणि रूळ कुठे नेणार, हे ठरते एका ठिकाणी. त्या ठिकाणाला जुन्या मराठीत सांधा म्हणत. सांधा बदलणारा माणूस तो सांधेवाला. आता सगळे पॉइंट आणि पॉइंट्समन म्हणतात. वांगणी स्टेशनात १७ एप्रिल २०२१ रोजी रुळांवर पडलेल्या लहान मुलाला, गाडी समोर दिसत असताना, धावत जाऊन वर उचलणारे मयूर शेळके हे असेच पॉइंट्समन होते. त्यांचे ते धाडस साऱ्या देशाने पाहिले. पण पॉइंट्समनचे रोजचे काम काय, हे फार थोड्यांना माहीत असते. आम्ही इथे त्याबद्दलच सांगणार आहोत.

सांधा समजायला घरच्या घरी एक प्रयोग करा. खराट्याच्या चार काड्या घ्या. दोन लांब काड्या जमिनीवर समोरासमोर ठेवा, रुळांसारख्या. डावी सरळ जाऊ द्या. उजवी थोडी पुढे जाऊन उजवीकडे वळवा. हे झाले बाहेरचे दोन रूळ. ते जागचे हलत नाहीत. आता उरलेल्या दोन काड्यांची टोके चाकूने निमुळती करा आणि त्या मधे ठेवा. टोके तुमच्याकडे असू द्या. या दोन काड्या म्हणजे सांध्याच्या जिभा. दोन्ही जिभा आडव्या दांड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून त्या बरोबरच सरकतात. दोऱ्याने बांधून पाहा. डावी जीभ डाव्या रुळाला चिकटली, की उजवी आपोआप उजव्या रुळापासून दूर होते, आणि गाडी उजवीकडे वळते. उलट उजवी जीभ उजव्या रुळाला चिकटली, की गाडी सरळ जाते.

हे का घडते, तेही कळायला हवे. आगगाडीच्या चाकाला आतल्या अंगाला एक उभी कड असते. ती कड रुळाच्या आतून चालते आणि चाकाला रुळावर धरून ठेवते. जीभ रुळाला चिकटलेली असली, की कड जिभेच्या आतून जाते आणि जीभ नेईल तिकडे चाक जाते. सगळा खेळ या चिकटण्याचा आहे, बरं का. जीभ आणि रूळ यांच्यात फट राहिली, तर चाकाची कड त्या फटीत शिरू शकते. मग एक चाक एका वाटेला आणि दुसरे दुसऱ्या वाटेला. गाडी घसरली म्हणून समजा.

जिभा रुळापासून फार लांब सरकत नाहीत. टोकाशी सुमारे ११५ मिलिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. तेवढ्या हालचालीवर हजारो टनांची गाडी इकडे किंवा तिकडे जाते.

आता सांध्याकडे गाडी दोन बाजूंनी येते. जिभांच्या टोकाकडून आली, तर तिच्यापुढे दोन वाटा असतात. मागून आली, तर दोन वाटांची एक होते. टोकाकडून येणे जास्त धोक्याचे. विलायतेत आगगाडी सुरू झाली, त्या काळी रेल्वेची माणसे टोकाकडून जाण्याचे सांधे शक्यतो टाळत असत. पण प्रत्येक स्टेशनात गाडी बाजूला घेऊन दुसरीला पुढे काढायची, तर टाळून चालणार कसे? तेव्हा सांधा टाळण्याऐवजी सांधा राखायचा उपाय शोधावा लागला.

सुरुवातीला प्रत्येक सांध्यापाशी एक माणूस उभा असे. तो हाताने खटका ओढी. सिग्नल दुसराच माणूस देई. सिग्नलवाल्याने 'ये' म्हणावे आणि सांधेवाल्याने सांधा भलतीकडे ठेवावा, असे सहज होई. दोघांत कोणी लबाड नसे. पाऊस असे, अंधार असे, डोळ्यांवर झोप असे. १८५६ साली इंग्लंडात जॉन सॅक्स्बी नावाच्या कारागिराने यावर पेटंट घेतले. त्याने सांध्याचे आणि सिग्नलचे खटके एकमेकांत अडकवले. आधी सांधा बरोबर बसला पाहिजे. तो बसला तरच सिग्नलचा खटका मोकळा होणार. आणि एकदा सिग्नल दिला, की सांध्याचा खटका जाम. या अडकवण्याला इंटरलॉकिंग म्हणतात. १८८९ साली ब्रिटिश सरकारने माणसे नेणाऱ्या मार्गांवर ते कायद्याने सक्तीचे केले. आपल्याकडे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला गेली, तेव्हा यातले काहीच नव्हते, हे ध्यानात घ्या.

इंटरलॉकिंग कठीण वाटते का? एक साधी तऱ्हा सांगतो. समजा, तुमच्या घरात दोन कुलपे आहेत, पण किल्ली एकच. एक कुलूप कणगीच्या खोलीला, दुसरे घराच्या दाराला. कणगीची खोली नीट बंद करून कुलूप लावल्याशिवाय किल्ली बाहेर निघतच नाही. मग घराचे दार उघडायचे, तर आधी खोली बंद केलीच पाहिजे. विसरून चालायचे नाही, कारण किल्लीच सुटत नाही. लहान स्टेशनात आणि सायडिंगमध्ये सांध्याचे काम अशाच किल्लीवर चालत आले आहे. सांधा बरोबर लावून कुलूपबंद केला, तरच किल्ली निघते, आणि तीच किल्ली सिग्नलला लागते.

मोठ्या स्टेशनांत आता विजेची मोटर जिभा सरकवते. स्टेशन मास्तर आपल्या खोलीत बसून बटण दाबतो. चार-पाच सेकंदांत सांधा फिरतो. पण मास्तराच्या बटणावर सिग्नल विश्वास ठेवीत नाही. मोटरीने जोर लावला म्हणजे जीभ चिकटली असे होत नाही. म्हणून जिभेलाच दांड्या जोडलेल्या असतात. जीभ खरोखर चिकटली आणि तिला कुलूप बसले, तर त्या दांड्यांमुळे विजेचा एक संपर्क जुळतो, आणि 'बसली' अशी खबर तारेतून परत येते. ती खबर आली, तरच सिग्नल हिरवा होऊ शकतो. खबर आली नाही, की लाल. तार तुटली तरी लाल. वीज गेली तरी गाडीला पुढे जायची परवानगी नाही.

खबर खरी येते की नाही, हे पाहायची एक परीक्षा आहे. जिभेच्या टोकापासून १५० मिलिमीटरवर, जीभ आणि रूळ यांच्यामध्ये, पाच मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी धरायची आणि सांधा फिरवायचा. तीन नाणी एकावर एक ठेवली, तर साधारण तेवढी जाडी होते. एवढी अडचण असताना सांध्याला कुलूप बसता कामा नये आणि 'बसली' अशी खबरही जाता कामा नये. गेली, तर सांधा नापास. तो दुरुस्त झाल्याशिवाय त्याच्यावर भरवसा नाही.

आता आपल्या भागातली गोष्ट बघा. कोळशाच्या वाघिणीतून खडे पडतात. एखादा खडा जिभेच्या बेचक्यात अडकला, की जीभ चिकटत नाही. खडी उडून बसते. प्लॅस्टिकची बाटली, गोणपाटाचा तुकडा, पोरांनी गंमत म्हणून ठेवलेला दगड, कशानेही तेच होते. पावसाळ्यात चिखल येतो, मोटरीत पाणी जाते. ज्या लोखंडी बैठकींवरून जीभ सरकते, त्या साफ करून त्यांना वंगण द्यावे लागते. न दिले तर जीभ ओढली जात नाही. मग काय होते? सिग्नल लाल राहतो. गाडी उभी राहते. प्रवासी खिडकीतून डोके काढतात आणि रेल्वेच्या नावाने बोटे मोडतात. मुंबईच्या लोकल गाड्यांत 'पॉइंट फेल' हे शब्द तर भाजीच्या भावासारखे रोजचे झाले आहेत.

आमचे म्हणणे एवढेच, की त्या वेळी बोटे मोडू नयेत. सांध्याने 'माझी खात्री नाही' असे सांगितले आहे, आणि सिग्नलने ते ऐकले आहे. यंत्रणा बिघडली खरी, पण ती सुरक्षित बाजूला बिघडली.

गाडी लाल सिग्नलला उभी असते, तेव्हा बाहेर काय चाललेले असते ते आपल्याला दिसत नाही. पॉइंट्समन हातात कंदील किंवा बॅटरी घेऊन सांध्याकडे चालत निघतो. त्याच्याजवळ हाताने सांधा फिरवायचे हॅण्डल असते. या हॅण्डलची किल्लीही इंटरलॉकिंगमध्ये बांधलेली असते. ती काढली, की त्या सांध्यावरून जाणारा सिग्नल हिरवा करता येत नाही. पॉइंट्समन खडा काढतो, हॅण्डल फिरवून सांधा लावतो, जीभ रुळाला शिकंजाने आवळतो, त्याला कुलूप घालतो. मग मास्तर ड्रायव्हरला लेखी परवाना देतो आणि गाडी त्या सांध्यावरून अगदी सावकाश, ताशी १५ किलोमीटरच्या आत, जाते. एवढ्याला वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. जुलैतली रात्र असेल आणि सांधा लांबच्या टोकाला असेल, तर जास्तच. ही मिनिटे वाचवायचा मोह कोणाला होत नाही? मास्तराला वरून फोन येतात. मागे दोन गाड्या खोळंबलेल्या असतात. दुरुस्तीवाल्याला वाटते, एवढी एक तार इकडची तिकडे केली, की सिग्नल हिरवा होईल, सांधा तर मला दिसतोच आहे. खरा धोका इथे आहे. खडा अडकल्याने माणसे मरत नाहीत. खबर न येताच ती आली असे सिग्नलला भासवले, तर मरतात.

२ जून २०२३ ची संध्याकाळ. ओडिशात बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार नावाचे लहान स्टेशन आहे. आपल्या ओढ्यासारखे किंवा खेरवाडीसारखे, जिथे मोठ्या गाड्या थांबत नाहीत. बाजूच्या रुळावर लोहखनिजाने भरलेली मालगाडी उभी होती. कोरोमंडल एक्सप्रेस कोलकात्याकडून चेन्नईकडे येत होती. तिला सरळ जाण्याचा हिरवा सिग्नल होता. ड्रायव्हरने पाहिला आणि ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने गाडी पुढे नेली. त्यात त्याचे काही चुकले नाही. सिग्नल सरळ सांगत होता, पण सांधा बाजूच्या रुळाकडे लागलेला होता. गाडी मालगाडीवर जाऊन आदळली. तिचे काही डबे शेजारच्या मार्गावर फेकले गेले, आणि तिथून जाणाऱ्या यशवंतपूर–हावडा गाडीच्या मागच्या डब्यांना धडकले. २९० हून अधिक माणसे मेली. कामधंद्यासाठी दक्षिणेकडे निघालेले पुष्कळ मजूर त्यांत होते.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी चौकशी केली. संसदेत त्याची माहिती देण्यात आली. कारण असे निघाले: स्टेशनाच्या उत्तरेकडील सिग्नलच्या खोलीत पूर्वी कधीतरी तारांची फेरजोडणी झाली होती, तिच्यात चूक राहिली होती. अपघाताच्या दिवशी जवळच्या ९४ नंबरच्या फाटकाचे विजेचे अडसर बदलण्याचे काम निघाले. त्या कामात तारांची जोडणी आणखी चुकली. परिणाम असा, की सांधा वळलेला असतानाही तारेतून 'सरळ बसला आहे' अशी खबर गेली. सिग्नल त्या खबरेवर चालतो. त्याने हिरवा दिला.

आणि हे काही आभाळातून पडले नव्हते. त्याच वर्षी ८ फेब्रुवारीला कर्नाटकात होसदुर्गा रोड स्टेशनात संपर्क क्रांती एक्सप्रेसला असाच सिग्नल मिळाला आणि सांधा मात्र भलत्या मार्गाकडे लागलेला होता. तिथे ड्रायव्हरला सांधा डोळ्यांनी दिसला आणि त्याने गाडी वेळीच थांबवली. तिथल्या रेल्वेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दुसऱ्याच दिवशी पत्र लिहून हा धोका कळवला. तो रेल्वेचा विभाग वेगळा, बहानग्याचा वेगळा. पत्र लिहिल्याला चार महिनेही झाले नाहीत, तोच बहानगा घडले. ड्रायव्हरला नेहमी दिसेल, असे धरून चालता येत नाही. सव्वाशेच्या वेगाने, अंधारात, वीतभर हललेली जीभ कोणाला दिसणार?

या अपघातानंतर काही सुधारणा झाल्या. सिग्नलच्या खोल्यांना आणि रुळांकडेच्या पेट्यांना दोन-दोन कुलपे लावायचा हुकूम निघाला. एक किल्ली स्टेशन मास्तराकडे, दुसरी सिग्नलच्या माणसाकडे, म्हणजे एकट्याने कोणी आत जाऊन तारांना हात लावायला नको. हे चांगलेच झाले. पण आमच्या मते खरा उपाय कुलपात नसून कागदात आहे, आणि तो कागद पूर्वीपासून होता. दुरुस्तीवाल्याने काम सुरू करण्याआधी मास्तराला लिहून द्यायचे, की अमुक नंबरचा सांधा मी सोडवीत आहे. मास्तराने सही करायची. सही झाली, की तो सांधा कामातून बाद. त्याच्यावरून जायचे, तर हॅण्डल, शिकंजा, कुलूप आणि सावकाश गाडी, हे सगळे आलेच. काम संपले, की दोघांनी मिळून तपासायचे आणि मग 'जोडला' म्हणून पुन्हा लिहायचे. सांधा सोडल्याची आणि जोडल्याची ही चिठ्ठी नुसती सवयीने भरायची नसते.

ती तपासणीही सोपी आहे. एक माणूस प्रत्यक्ष सांध्यापाशी उभा राहतो. दुसरा मास्तराच्या खोलीत, दिव्यांच्या फळ्यासमोर. सांधा फिरवतात. सांध्यावरचा माणूस फोनवर म्हणतो, 'डावी जीभ चिकटली, वळणाला लागला.' खोलीतला माणूस फळ्यावर बघून म्हणतो, 'इथेही वळणच दाखवतोय.' पुन्हा फिरवतात, पुन्हा विचारतात. जमिनीवर जे आहे तेच फळ्यावर दिसते की नाही, एवढेच बघायचे. तारा किती गुंतागुंतीच्या आहेत, याच्याशी या तपासणीला काही देणेघेणे नाही. बहानग्यात ती रीतसर झाली असती, तर चुकलेली तार उघडी पडली असती. पाच-दहा मिनिटांचे काम आहे हे.

'कवच' नावाचे नवे यंत्र आले आहे, ते बसवले की झाले, असे काही लोक म्हणतात. कवच चांगले आहे. ड्रायव्हरने लाल सिग्नल ओलांडला, तर ते गाडी आपोआप थांबवते. ते सगळीकडे लवकर बसावे असे आम्हांलाही वाटते. पण कवच ही खबर घेते कुठून? सिग्नल आणि इंटरलॉकिंग यांच्याकडूनच. तिथूनच 'सगळे ठीक' अशी खोटी खबर आली, तर कवच तरी काय करणार?

सांध्याचे दुसरे दुखणे नट-बोल्टांचे. गाडी जाते, तेव्हा सांधा हादरतो. दिवसाला पन्नास गाड्या गेल्या, तर पन्नास वेळा हादरतो. दोन्ही जिभांना बांधणाऱ्या आडव्या दांड्यांचे नट हळूहळू सैल होतात. इंग्लंडात पॉटर्स बार नावाच्या स्टेशनाजवळ १० मे २००२ रोजी असेच झाले. नट सुटले, दांड्या निकामी झाल्या आणि गाडी सांध्यावर असतानाच जिभा हलल्या. पुढचे डबे नीट गेले. शेवटचा डबा रूळ सोडून फलाटावर जाऊन पडला. सात माणसे दगावली. सांधा कुठे लागायचा, याची तिथे काही चूक नव्हती. पान्ह्याचे काम अपुरे राहिले होते. जगातल्या सर्वांत जुन्या रेल्वेची ही कथा. म्हणून म्हणतो, सांधा राखणे म्हणजे निम्मे काम तारांचे आणि निम्मे काम हातोडा-पान्ह्याचे.

हे पान्ह्याचे काम करणाऱ्यांचा जीव फार स्वस्त झाला आहे, हेही सांगितले पाहिजे. लांबची गोष्ट नको. १३ फेब्रुवारी २०२३ रोजी पहाटे, आपल्याच जिल्ह्यात लासलगाव आणि उगाव यांच्या दरम्यान, रुळांवर काम करणाऱ्या चार ट्रॅकमनना दुरुस्तीच्या टॉवर वॅगनने उडवले. चौघेही गेले. गाड्यांच्या सुरक्षिततेसाठी राबणारी माणसे रेल्वेच्याच वाहनाखाली सापडली. सांध्यावर काम करणाऱ्याला तर दुहेरी जपावे लागते. वरून गाडी येऊ शकते, आणि पायाखालचा सांधा लांबून कोणीतरी बटण दाबून फिरवू शकते. आपल्या गावचे किती तरी गडी सायडिंगमध्ये ठेकेदाराकडे कामाला जातात. त्यांना आमचे सांगणे आहे: जीभ आणि रूळ यांच्या बेचक्यात पाय देऊ नका. सांध्यावर बसून भाकरी खाऊ नका. मोटर चालू व्हायच्या आधी घंटा वाजत नाही. सांध्यातला खडा काढायचा असेल, तर आधी मास्तराला कळवून सांधा बंद करून घ्यायचा, आणि हात घालायचा तो मग. मुकादम घाई करीत असला तरी.

आता एक गंमत. काही सांधे मुद्दाम 'चुकीचे' लावून ठेवलेले असतात. सायडिंग जिथे मुख्य मार्गाला मिळते, तिथे मुख्य मार्ग राखण्यासाठी असा एक सांधा ठेवण्याची रीत आहे. त्याच्या जिभा एरवी गाडीला रुळावरून खाली उतरवतील अशा ठेवतात. एखादी भरलेली वाघीण ब्रेक नीट न लावल्याने आपोआप घरंगळत निघाली, तर ती इथे मातीत उतरेल आणि मुख्य मार्गावरच्या मेलगाडीवर जाणार नाही. सायडिंगमधून गाडी रीतसर निघायची असते, तेव्हाच हा सांधा सरळ करतात. कसारा घाटात याचा मोठा भाऊ आहे. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट. त्या उतारावर गाडीचे ब्रेक सुटले तर? म्हणून घाटात मधे एक आंधळा रूळ काढला आहे. तो चढाकडे जातो आणि तिथेच संपतो. सांधा एरवी त्या आंधळ्या रुळाकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबते, म्हणजे तिचे ब्रेक नीट आहेत हे सिद्ध होते. मग सांधा मुख्य मार्गाला लावून तिला पुढे सोडतात. जी थांबली नाही, ती आंधळ्या रुळावर चढून अडते. मुंबईला जाताना इगतपुरी सोडल्यावर घाटात गाडी विनाकारण थांबली असे आपल्याला वाटते. ती परीक्षा देत असते.

शेवटी एक उपयोगाची माहिती. रुळांजवळून जाता-येताना सांध्याचा बोल्ट पडलेला, दांडी लोंबकळत असलेली, किंवा जिभेत दगड घातलेला दिसला, तर स्वतः हात लावू नका. जवळच्या स्टेशन मास्तराला किंवा फाटकवाल्याला सांगा. जवळ कोणी नसेल, तर रेल्वेचा १३९ हा नंबर लावा. पण 'तिकडे, बाभळीपाशी' असे सांगून मास्तराला काही उमगणार नाही. रुळाकडेला विजेच्या तारांचे जे खांब आहेत, त्या प्रत्येकावर आकड्यांची पाटी असते. तिच्यावर दोन आकडे असतात. पहिला आकडा किलोमीटरचा. आपल्या मार्गावर तो मुंबईपासून मोजलेला आहे. नाशिकरोड मुंबईपासून सुमारे १८८ किलोमीटरवर आहे, तेव्हा आपल्या आसपासचे आकडे त्याच्या थोडे पुढचे असतील. दुसरा आकडा त्या किलोमीटरमधला खांब कितवा, ते दाखवतो. हे दोन्ही आकडे वाचायचे, कागदावर लिहून घ्यायचे आणि फोनवर तसेच सांगायचे. मास्तर त्या आकड्यांवरून नेमक्या त्याच खांबापाशी माणूस धाडतो.